काकांचं आडनाव वेगळं होतं

बेळगावच्या शहापुरात आमचं छोटं मेडिकलचं दुकान आहे. गेल्या आषाढात पाऊस असा लागला होता की मागच्या गल्लीतल्या मागांची खडखडही ऐकू येत नव्हती. गिऱ्हाईक नाही म्हणून मी एक्स्पायरी झालेला माल वेगळा काढत बसले होते. भाचा क्लासहून परस्पर दुकानात आला, छत्री दारात उपडी ठेवली आणि काउंटरच्या आत स्टुलावर येऊन बसला. पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला आहे, सायन्स. बराच वेळ मोबाइल चाळला आणि मान खाली घालूनच म्हणाला, "आत्या, थुंकी पाठवली की जीन तपासून देतात म्हणे. पप्पांचं माझ्यात उतरलंय काय, कळंल की त्यात?"

त्याचे पप्पा म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी टोकाचं चढतं, कधी टोकाचं खचतं तो आजार, आणि दारूही आहे.

मी म्हटलं, "आधी दोन चहा सांगून ये." उत्तर सुचत नसलं की मी चहा सांगते. त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुढे तीन-चार महिने लागले. रात्री दुकान बंद केल्यावर वाचत बसायचे, आईला खोदून खोदून विचारायचे. त्यातलं जे हाती लागलं ते इथे मांडतेय, कारण काउंटरवर येणाऱ्या कितीतरी बायकांच्या तोंडी मी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत ऐकलाय.

आम्ही मूळचे निपाणीचे. आजोबा तंबाखूच्या वखारीत, बाबाही तिथेच. आई घरी विड्या वळायची. टेंभुर्णीची पानं भिजवायची, कातरायची, मांडीवर सूप घेऊन संध्याकाळपर्यंत हजाराचा हिशेब पुरा करायची. विडी कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या स्कॉलरशिपवर मी डी.फार्म केलं. त्यामुळे तंबाखूला नावं ठेवताना माझी जीभ जरा अडखळते. आजोबा प्यायचे, बाबा प्यायचे. 1999 मध्ये बाबांच्या पोटात पाणी झालं आणि 53 व्या वर्षी ते गेले. आईनं तेव्हा जे सांगितलं तेच ती आजही सांगते : "तुमच्या घराण्याच्या रक्तातच हाय ते, मी सांगतो तुला." (आमच्याकडच्या बायका 'मी सांगतो, मी जातो' असंच बोलतात. पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं. येऊ दे.)

पण मग काकांचं काय?

काका म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. चौथ्या वर्षी त्यांना खानापूर तालुक्यात, आजीच्या मावसबहिणीकडे दत्तक दिलं. तिला मूल नव्हतं, शेतीवाडी होती. ते घर माळकरी. रोज हरिपाठ, एकादशीला उपास, चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नसे, आणि आषाढात पायी वारी. काकांनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. त्यामुळे आमच्या घरात त्यांचा उपयोग साक्षीदारासारखा व्हायचा. बाबांना बोलायचं झालं की आजी म्हणायची, "तोही माझ्याच पोटचा ना? चांगल्या घरात गेला, सुटला." म्हणजे एकाच घरात एक बाई रक्ताला दोष देत होती आणि दुसरी संगतीला, आणि दोघींच्या हाताशी पुरावा होता.

जे कुणी बोलत नव्हतं ते असं. दर दोन-तीन वर्षांनी काका काही महिने खोलीत पडून राहायचे. भाताची लावणी तोंडावर आली तरी उठायचे नाहीत. मी दहा वर्षांची असताना मे महिन्यात तिकडे राहायला गेले होते. काका भिंतीकडे तोंड करून बसलेले, दाढी वाढलेली, डोक्यावर खुंटीला टाळ टांगलेले. मी दोन दिवस त्यांच्या आसपास खेळले, त्यांनी एकदाही मान वळवली नाही. काकू म्हणाल्या, "अंगात शक्ती नाही त्यांच्या." एकदा त्यांना सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला नेलं, एकदा देवर्ष्याकडे नेलं. त्या दोन वर्षी वारी चुकली, याचंच घरात जास्त दुःख. डॉक्टरकडे कधीच नेलं नाही. "धारवाडला न्यायला पाहिजे" हे वाक्य आमच्याकडे शिवीसारखं वापरतात; तिथल्या मानसिक रुग्णालयात माळकऱ्याच्या घरातला माणूस कोण नेणार? 2018 मध्ये काका गेले, हृदयविकारानं.

वाचता वाचता कळलं की दत्तक मुलांवरून हाच वाद सोडवायचा प्रयत्न शास्त्रज्ञांनीही केलाय. 1973 मध्ये डेन्मार्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणीच दत्तक गेलेले, परक्या घरात वाढलेले पुरुष त्यांनी शोधले. 55 जणांच्या जन्मदात्यांपैकी एकाला दारूचं व्यसन होतं, 78 जणांच्या नव्हतं. पहिल्या गटातले 18 टक्के पुढे व्यसनी झाले, दुसऱ्यातले 5 टक्के. म्हणजे पिणाऱ्या बापाचं तोंडही न पाहिलेल्या मुलांत धोका तिपटीहून जास्त. आईची सरशी. पण तेच आकडे उलटे धरा : पिणाऱ्याचं रक्त असूनही शंभरातले ऐंशीहून जास्त व्यसनी झाले नाहीत. आजीचीही सरशी.

नंतरच्या जुळ्यांच्या आणि दत्तकांच्या सगळ्या अभ्यासांची गोळाबेरीज 2015 च्या सुमारास झाली. दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा निघाला. हा 'निम्मा' शब्द फार घोळ घालतो. भाच्यानं लगेच हिशेब केला, "म्हणजे मला फिफ्टी पर्सेंट चान्स." तसं नाही रे. माणसामाणसांत जो फरक दिसतो, एक पितो न् बिघडतो, दुसरा पितो न् विसरतो, त्या फरकापैकी निम्मा जीन्समधल्या फरकामुळे. हा आकडा गावाचा आहे, एका माणसाचा नाही. तुझ्या कपाळावर तो लिहिता येत नाही.

मला खरं थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हजारो जुळ्यांचा अभ्यास केनेथ केंडलर या मानसोपचारतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केला. 2003 मध्ये त्यांनी दाखवलं की हे आजार एकेकटे उतरत नाहीत. आनुवंशिक धोक्याची ढोबळमानानं दोन गाठोडी आहेत. एकात दारूचं, अमली पदार्थांचं व्यसन आणि बेबंद, भांडखोर वागणं. दुसऱ्यात औदासीन्य (डिप्रेशन), चिंता, भीती. एका गाठोड्यातल्या आजारांचा आनुवंशिक धोका बराचसा सामाईक. त्यातून प्रत्यक्षात कुठला आजार बाहेर येईल, हे ठरवण्यात परिस्थितीचा हात मोठा. दोन गाठोडी तरी पूर्ण वेगळी कुठे आहेत? औदासीन्य आणि दारू यांचीही मुळं काही अंतरापर्यंत एकत्र जातात, हे नंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

ते वाचलं आणि खुंटीवरचे टाळ डोळ्यांसमोर आले. काका 'सुटले' असं आम्ही पन्नास वर्षं म्हणत होतो. ते दारूतून सुटले. बाकीचं त्यांच्याबरोबर खानापूरला गेलं होतं आणि माळकऱ्याच्या घरात त्याला दारूची वाट मिळाली नाही, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून बसलं.

इथे मीच मला अडवते. एका घरावरून शास्त्र होत नाही. शिवाय आजी एक गोष्ट सांगायची आणि सांगताना दरवेळी पदर तोंडाला लावायची : दत्तक दिल्यावर न्यायला आले, तेव्हा चार वर्षांच्या काकांनी ओसरीच्या खांबाला मिठी मारली होती, बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग ते भिंतीकडे बघत बसणं रक्तातून आलं की त्या खांबापासून? लहानपणी झालेली ताटातूट, मार, घरातली रोजची भांडणं, यांनी पुढे औदासीन्य आणि व्यसन दोन्हींचा धोका वाढतो, हेही तितकंच पक्कं ठाऊक आहे. काकांच्या बाबतीत दोन्ही होतं. वेगळं काढायला दुसरे काका कुठून आणू?

आता भाऊ. बाबांनी त्याला पहिला घोट चौदाव्या वर्षी दिला, पावसात भिजून आला होता म्हणून, औषधासारखा. नंतर तो बेळगावहून गोव्याला भाजीच्या गाडीवर जायला लागला. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, पहाटे माल उतरवायचा आणि परतताना तिकडची स्वस्त बाटली. 2005 मध्ये, बावीस वर्षांचा असताना, तो चार रात्री झोपला नाही. हॉटेल काढणार म्हणून उसनवारीवर तीन डझन खुर्च्या आणून अंगणात मांडल्या. कन्नड, कोकणी, हिंदी, जी भाषा तोंडात येईल ती, न थांबता. पाठोपाठ तीन महिने अंथरुणात. त्या तीन महिन्यांत झोप लागावी म्हणून तो प्यायला लागला, आणि प्यायला की चौथ्या तासाला दचकून जागा. आधी मन बिघडलं की आधी दारू आली, हे मला आजही सांगता येत नाही. बिघडलेलं मन दारू शोधतं, दारू मनाला आणखी बिघडवते, आणि खाली दोघांचा पाया थोडाफार एकच असतो. तीनही गोष्टी एकाच माणसात एकदम चालू शकतात.

2007 च्या मे महिन्यात त्याचं लग्न लावलं. लग्न झालं की सुधारेल, हे औषध आमच्या भागात अजूनही सर्रास लिहून देतात. त्याच वर्षी 1 जुलैला कर्नाटक सरकारनं साराई बंद केली, प्लास्टिकच्या पाकिटात मिळायची ती देशी दारू. आईनं देवापुढे साखर ठेवली. भाऊ महिनाभरात स्वस्त व्हिस्कीच्या नव्वद मिलीवर आला.

त्यानंतरची तीन-चार वर्षं आम्ही चेंडूसारखी काढली. व्यसनमुक्ती केंद्रात गेलो की, "यांचं मानसिक आहे, ते आधी बरं करून आणा." मानसोपचारासाठी गेलो की, "दारू सोडल्याशिवाय गोळ्या देऊन काय उपयोग?" वहिनी कडेवर पोरगं घेऊन दोन बसथांब्यांच्या मध्ये उभी. दोन्ही आजार जोडीनं येणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि दोन्हींवर एकाच वेळी उपचार करायला हवेत, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था घातल्या. मी तो कायदा आला त्या वर्षी वाचला आणि मला राग आला, कारण आमची चार वर्षं तोवर गेली होती. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, 12 राज्यांत मिळून, दारूच्या विकाराचे 86 टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. उरलेल्या चौदांत आम्ही. नशीबवान म्हणायचं.

पुढचा किस्सा जरा तपशिलात सांगते, कारण तो माझ्या धंद्यातला आहे आणि मलाच उशिरा कळला.

अखेर एका डॉक्टरांनी त्याला वॉर्डात ठेवून घेतलं आणि ओलान्झापिन हे बायपोलरवरचं औषध सुरू केलं. तीन आठवड्यांत माणूस ओळखू येईना इतका शांत. घरी आला, महिनाभर छान, आणि मग पुन्हा रात्रीचा जागा. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चुकवतोय." वहिनी शपथ घेऊन सांगे, नाही चुकवत. मी रिकाम्या स्ट्रिपा मागवल्या आणि मोजल्या. एक गोळी इकडची तिकडे नाही. दोनदा असंच झालं. 2014 च्या पावसाळ्यात दुकानात बसून मी एका औषधाच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद वाचत होते (आमच्यातलं कुणी वाचत नाही तो, खरं सांगते) आणि एका ओळीवर अडकले. धूम्रपान करणाऱ्यांत ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातं.

विडी! वॉर्डात विडी बंद होती. घरी दिवसाला दोन बंडलं.

धुरातल्या घटकांमुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात कामाला लागतं आणि ते हे औषध भराभर संपवतं. हे काम निकोटिनचं नाही, धुराचं. म्हणून तंबाखू मळून खाणाऱ्यात हा प्रकार होत नाही, विडी-सिगारेटवाल्यात होतो. वॉर्डात ठरवलेला डोस विडीविना असलेल्या शरीराला पुरत होता. घरच्या धुरात तो अपुरा पडला. उलटंही होतं : विडी ओढणारा ती एकदम सोडतो तेव्हा आठवडाभरात रक्तातलं औषध वाढतं, माणूस दिवसभर पेंगतो, आणि घरचे म्हणतात गोळ्यांनी गुंगी आणली. म्हणून विडी सोडताना डॉक्टरांना आधी सांगायला हवं. मी सांगितलं, डॉक्टरांनी डोस बदलला, आणि तेव्हापासून भाऊ पुष्कळ बरा आहे. विडी मात्र सुटलेली नाही. ज्या विडीच्या पैशावर मी औषधशास्त्र शिकले तीच विडी माझ्या भावाचं औषध खात होती आणि मला ते कळायला काही वर्षं लागली.

भाच्याला यातलं सगळं एकदम सांगितलं नाही. तुकड्या-तुकड्यानं, कधी दुकानात, कधी त्याला रात्री घरी सोडताना. थुंकीच्या तपासणीबद्दल स्पष्ट सांगितलं, पैसे घालवू नको. 1990 मध्ये दारूचा जीन सापडला म्हणून मोठा गाजावाजा झाला होता. नंतरच्या तपासण्यांत तो दावा तसा टिकला नाही. 2023 मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांचे जीन्स पाहून, सगळ्या व्यसनांना सामाईक अशा 19 जागा सापडल्या. एकेका जागेचा परिणाम चिमूटभर. आणि त्यातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. निपाणीच्या पोराला त्यावरून भविष्य सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या पत्रिकेवर मुहूर्त काढणं.

फिनलंडमधल्या जुळ्यांची गोष्ट मात्र त्याला आवडली. सोळा ते अठरा वर्षांच्या पोरांच्या पिण्यात जीन्सचा वाटा शहरात जास्त दिसला, खेड्यात कमी. खेड्यात घराचं आणि आसपासचं वजन जास्त. आईबापांचं लक्ष असलेल्या घरांत चौदा वर्षांच्या मुलांच्या सिगारेटवरही जीन्सचा जोर कमी दिसला. म्हणजे तो 'निम्मा'सुद्धा दगडावरचा नाही, गाव बदललं की हलतो. भाचा म्हणाला, "म्हणजे हॉस्टेलला गेलो की वाढणार." पोरगं हुशार आहे. पुढच्या वर्षी त्याला हुबळीला जायचंय. मी म्हटलं, म्हणून तर सांगतेय : पहिला घोट जितका उशिरा तितकं बरं, आणि गांजाच्या वाटेला तर तू जाऊच नको. ज्यांच्या घरात मनाचे आजार आहेत त्यांना तो जास्त महागात पडतो. आणि चार रात्री झोप आली नाही तर पाचव्या रात्रीची वाट न बघता मला फोन कर. त्यानं "हूं" म्हटलं. सतरा वर्षांच्या मुलाचं 'हूं', त्यातून काय घ्यायचं ते घ्या.

मागच्या महिन्यात भावाची नेहमीची तपासणी होती. या वेळी डॉक्टर नवीन, तरुण, हावेरीकडचे असावेत बोलण्यावरून. नवी फाइल काढली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "मनियाग यारिगरे इत्तेनु?" घरात आणखी कुणाला होतं का? वीस वर्षं आम्ही या प्रश्नाला एकच उत्तर देत आलोय : वडील प्यायचे. भावानं तेच सांगितलं. डॉक्टरांनी लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळले.

"आमचे काका," मी म्हटलं. कन्नडात गाडी जरा अडखळली. "ते प्यायचे नाहीत. पण महिनोन् महिने खोलीत बसून असायचे, बोलायचे नाहीत."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "सख्खे काका? आडनाव काय?"

मी आडनाव सांगितलं. त्यांनी फाइलवरचं भावाचं आडनाव पाहिलं, मग माझ्याकडे.

"दत्तक गेले होते," भाऊच बोलला, मराठीत. "रक्ताचे आमचेच."

डॉक्टरांनी मागे जाऊन आधीच्या ओळीखाली, कोपऱ्यात दाटीवाटीनं, काकांना लिहून घेतलं.